जुन्या पासबुकातले पैसे सरकारजमा झाले म्हणून सोडून देऊ नका

माझं साताऱ्यात टायपिंगचं आणि दस्तलेखनाचं काम आहे. प्रतिज्ञापत्रं, हमीपत्रं, संमतीपत्रं, बँकेचे आणि कचेरीचे अर्ज दिवसभर टाइप करत असते. मृत्यूचा दाखला आणि जुनं पासबुक एकाच पिशवीत घेऊन आलेला माणूस मला दारातूनच ओळखू येतो. खुर्चीवर टेकायच्या आधी तो म्हणतो, "ताई, आता काय उपयोग? पैसे सरकारजमा झाले असतील." निम्मी माणसं एवढ्यावरच उठून जातात. जाऊ नये म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

बँकेतली ठेव बुडत नाही. खात्यावर किंवा ठेवीवर 10 वर्षं कोणी दावा केला नाही, की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत वर्ग करते. 2014 साली सुरू झालेल्या या निधीला बँकेतली माणसं थोडक्यात 'डीईए फंड' म्हणतात. रक्कम तिकडे गेली तरी खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क कायम राहतो आणि मागणी करायला कसलीही मुदत नाही. मागणी आपल्या बँकेतच करायची. बँक आपल्याला पैसे देते आणि मग रिझर्व्ह बँकेकडून वळते करून घेते. मुंबईला खेटे घालायची गरज नाही.

सगळ्या पैशांना मात्र हा नियम नाही. विम्याची रक्कम 10 वर्षं पडून राहिली की केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते आणि तिथे 25 वर्षांत कोणी मागितली नाही तर कायमची सरकारची होते. शेअरवरचा लाभांश 7 वर्षं उचलला नाही तर तो, आणि सलग तेवढी वर्षं उचलला नसेल तर ते शेअरसुद्धा, गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातात. धरणात, कालव्यात, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला राज्य सरकारच्या भूसंपादन कचेरीत किंवा कोर्टात पडलेला असतो. तेव्हा आपला पैसा यांपैकी कुठला, हे आधी ओळखा. त्यावरून पुढचं दार ठरतं.

आधी नावांचा कागद करा

मोबाईल हातात घेण्याआधी एक कोरा कागद घ्या. ज्यांचे पैसे शोधायचे त्यांचं नाव इंग्रजीत ज्या ज्या तऱ्हेने लिहिलं गेलं असेल, तेवढ्या तऱ्हांनी त्यावर लिहा. शोध इथेच फसतो. आपल्याकडे घरटी एक ज्ञानदेव, ज्ञानू किंवा ज्ञानेश्वर असतो. हे नाव कोणी डी-एन-वायने लिहितं, कोणी जी-वायने, कोणी जे-एनने. शेवटचं 'देव' कुठे डी-ई-व्ही, तर कुठे डी-ई-ओ. 'राव' कधी आर-ए-ओ, कधी आर-ए-व्ही. कुणाचं 'आबासाहेब' हेच पाळण्यातलं नाव असतं, तर कुणाचं पासबुक 'आबा' नावाने असतं आणि आधारवर भलतंच काही. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. बापाच्या नावाचं कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे पूर्ण नाव.

बायकांची नावं तर वेगळीच लिहून काढावी लागतात. लग्नाआधी शिक्षिका किंवा नर्स म्हणून नोकरी केलेली असेल तर खातं माहेरच्या नावाने असतं. लग्नात नाव बदललं असेल तर दोन्ही नावं वेगळी. आईचे पैसे शोधताना मामाला फोन करा आणि आईचं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर कसं आहे ते विचारा.

त्याच कागदावर जुने पत्ते लिहा. गावचं घर, साताऱ्यातली भाड्याची खोली, मुंबईची चाळ. आपल्या भागातल्या कितीतरी पुरुषांनी गिरणीत आणि गोदीत आयुष्य काढलं, त्यामुळे खातं मुंबईचं आणि पत्ता गावचा, किंवा याच्या उलट, असं सर्रास असतं. जुनं रेशनकार्ड मिळालं तर फार बरं, पत्ता आणि घरातली माणसं दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात.

बोर्ड बदललेल्या बँका

पासबुकावरची बँक आज दिसत नाही म्हणजे ती बुडाली असं नाही. आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तर हे आवर्जून सांगावं लागतं.

युनायटेड वेस्टर्न बँक साताऱ्याचीच, 1936 सालची. इथल्या नोकरदाराचा पहिला पगार, दुकानदाराचा गल्ला, मुलीच्या लग्नाची ठेव, सगळं तिच्यात असायचं. 3 ऑक्टोबर 2006 रोजी ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली, म्हणून त्या पासबुकासाठी आयडीबीआयच्या शाखेत जायचं. 1916 साली सांगलीत सुरू झालेली सांगली बँक एप्रिल 2007 मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली. मिरज स्टेट बँक 1985 साली युनियन बँकेत गेली. बँक ऑफ कराडचा कारभार 1994 साली बँक ऑफ इंडियाकडे आला. अलीकडचं बघायचं तर 2019 मध्ये देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदात गेल्या, आणि 2020 मध्ये सिंडिकेट कॅनरात, तर कॉर्पोरेशन आणि आंध्रा युनियन बँकेत.

पतसंस्थेचं पासबुक असेल तर ही वाट नाही. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्या ठेवी डीईए फंडात जात नाहीत आणि बँकेच्या ठेवींना असतं ते 5 लाखांपर्यंतचं विमा संरक्षणही तिला नसतं. संस्था चालू असेल तर संस्थेतच अर्ज करायचा. अवसायनात निघाली असेल, म्हणजे गुंडाळायला काढली असेल, तर अवसायक (गुंडाळायचं काम बघणारा) कोण, हे जिल्हा उपनिबंधक सहकारी संस्था यांच्या कचेरीत कळतं.

उद्गमवर शोधताना

रिझर्व्ह बँकेने 17 ऑगस्ट 2023 रोजी 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं. पत्ता आहे उद्गम डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. सुरुवातीला त्यावर 7 बँका होत्या. मार्च 2024 पर्यंत त्या 30 झाल्या आणि दावा न केलेल्या ठेवींपैकी रकमेच्या हिशेबाने सुमारे 90 टक्के त्यात आल्या. पोर्टल फुकट आहे. आपला मोबाईल नंबर आणि नाव देऊन नोंदणी करायची, ओटीपी टाकायचा, मग शोधायचं.

खातेदाराचं नाव, बँक, आणि पॅन, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, जन्मतारीख यांपैकी निदान एक गोष्ट तिथे मागतात. आता 1985 साली खातं काढलेल्या शेतकऱ्याचा पॅन बँकेकडे कुठून असणार? जन्मतारीखसुद्धा बहुतेक वेळा अंदाजाने 1 जून लिहिलेली. अशा वेळी पत्त्यावरून शोधा. बँकेच्या जागी एकच बँक न निवडता सगळ्या निवडा. कागदावरचं नाव एकेका स्पेलिंगने टाकत जा. नुसतं नाव आणि गाव टाकलं की त्याच नावाची भलती माणसंही येतात, म्हणून पत्ता बघितल्याशिवाय हुरळून जाऊ नका.

नाव सापडलं की एक संदर्भ क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. रक्कम तिथे दिसत नाही. ती बँकेत, तेही आपली ओळख पटल्यावरच कळते.

उद्गमवर नाव नाही म्हणजे पैसे नाहीत, असा अर्थ काढू नका. तिथे फक्त 10 वर्षं उलटून निधीत गेलेली खाती असतात. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय ठरवते. दोन ते दहा वर्षांच्या मधली अशी खाती शाखेतच विचारावी लागतात. जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांच्या याद्या त्यांच्या त्यांच्या वेबसाइटवर असतात, वेबसाइट नसेल तर शाखेत. खातेदार हयात असेल तर काम अगदी सोपं आहे: आधार, पॅन, फोटो घेऊन जायचं आणि केवायसी करायचं. निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला बँकेला पैसे घेता येत नाहीत, आणि किमान शिल्लक नाही म्हणून अशा खात्याला दंडही लावता येत नाही. एप्रिल 2024 पासून रिझर्व्ह बँकेचा तसा आदेश आहे.

अर्ज कसा लिहायचा

खातेदार मयत असेल तर तोंडी विचारपूस करत बसू नका. काउंटरवरचा माणूस बदलतो आणि आपलं बोलणं हवेत जातं. मी लोकांना असा अर्ज करून देते:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: मयत खातेदार यांच्या दावा न केलेल्या ठेवीबाबत. माझे वडील श्री. ____, राहणार मु. पो. ____, ता. ____, जि. सातारा, हे दि. ____ रोजी मयत झाले. त्यांचे आपल्या बँकेत (पूर्वीची ____ बँक, शाखा ____) बचत खाते / ठेवपावती क्र. ____ आहे. उद्गम पोर्टलवरील संदर्भ क्रमांक ____. सदर रक्कम डीईए फंडात वर्ग झाली असल्यास ती व्याजासह वारसांना मिळावी. खात्यास नामनिर्देशन आहे काय व कोणाचे, तसेच दाव्याचा नमुना अर्ज व लागणाऱ्या कागदपत्रांची यादी लेखी मिळावी. सोबत मृत्यूचा दाखला व माझ्या ओळखपत्राची प्रत जोडली आहे."

दोन प्रती काढा. एक त्यांना द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोच जपून ठेवा, पुढे तक्रार करायची वेळ आली तर तिच्याशिवाय काही चालत नाही. कागदपत्रांची यादी लेखी मागण्यालाही कारण आहे. तोंडी यादी प्रत्येक फेरीला वाढत जाते.

पुढचं सगळं नामनिर्देशनावर, म्हणजे खात्याला नॉमिनी लावला आहे की नाही यावर, ठरतं. खातं 'दोघांपैकी एक किंवा हयात' असं जोडीने असेल तर हयात माणसाला मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र देऊन पैसे मिळतात. नॉमिनी असेल तर दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र पुरे. रक्कम कितीही असो, त्याच्याकडून वारस दाखला किंवा हमीपत्र मागायचं नसतं.

नॉमिनी नसेल तेव्हा लोक थेट वकिलाकडे जातात आणि सक्सेशन सर्टिफिकेटच्या, म्हणजे कोर्टाच्या वारस दाखल्याच्या, खर्चाचा आकडा ऐकून गप्प बसतात. 40 हजारांच्या ठेवीसाठी कोर्टात जायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये मयत खातेदारांच्या दाव्यांबद्दल नवे निर्देश काढले आणि ते 31 मार्च 2026 पर्यंत लागू करायला सांगितले. त्यांनुसार व्यापारी बँकेत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत, वाद नसेल आणि मृत्युपत्र नसेल, तर सोप्या पद्धतीने दावा निकाली काढायचा असतो. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, दावेदाराचं ओळखपत्र, हमीपत्र, बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र, आणि वारस कोण ते सांगणारा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला. दाखला नसेल तर कुटुंबाला ओळखणाऱ्या, बँकेला मान्य असलेल्या त्रयस्थ माणसाचं निवेदन चालतं. सगळे कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत बँकेने दावा मिटवायचा आहे.

हमीपत्राचा स्टॅम्प किती रुपयांचा, ते बँकेला विचारूनच घ्या. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात 100 रुपयांच्या स्टॅम्पची जागा 500 ने घेतली आहे. घरात पडलेला जुना 100 चा कागद घेऊन लोक येतात आणि सगळं टाइप झाल्यावर परत करावं लागतं.

मृत्यूचा दाखलाच नाही, ही अडचण जुन्या माणसांच्या बाबतीत नेहमीची. आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद शोधा, मुंबईत वारले असतील तर महापालिकेच्या त्या वॉर्डात. नोंद सापडलीच नाही तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या. वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूची नोंद करायला जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. याला वेळ जातो, म्हणून बँकेच्या कामाआधी हे हातात घ्या.

नावातल्या फरकासाठी बहुतेक वेळा 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र चालतं. पासबुकावर आहे तसं अक्षर न् अक्षर त्यात लिहा, सुधारून लिहू नका.

ना-हरकतीवरची सही

आता ज्यासाठी मला हे लिहावंसं वाटलं तिथे येते. ना-हरकत पत्र टाइप करायला घरातला एकच मुलगा येतो. वारसांची यादी तो सांगतो: मी, धाकटा भाऊ, आई. मी विचारते, "बहिणी?" तो म्हणतो, "त्यांचं लग्न झालंय."

लग्न झालं म्हणून मुलगी वारस राहत नाही असं कायद्यात कुठेही नाही. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई या सगळ्यांचा सारखा वाटा असतो. आईला तर हमखास विसरतात. तो माणूस गेला तेव्हा त्याची आई हयात होती आणि नंतर ती गेली, तर तिचा वाटा तिच्या वारसांना जातो, म्हणजे चुलते आणि आत्याही त्यात येतात. नॉमिनीबद्दलही असाच गैरसमज आहे. नॉमिनीने पैसे घ्यायचे ते सगळ्या वारसांच्या वतीने. तो त्या पैशांचा मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे.

कोरेगाव तालुक्यातल्या एक आजी मुलाबरोबर आल्या होत्या. यजमानांची युनायटेड वेस्टर्नची ठेवपावती होती, फिकट हिरवी. टाचणीच्या गंजाने कोपऱ्यातला आकडा खाऊन टाकलेला. नाव डी-एन-वायचं, आणि आजींच्या आधारवर पतीचं नाव जी-वायचं. मुलाने दोन बहिणींच्या सह्या आधीच आणल्या होत्या, कोऱ्या कागदावर. मी म्हटलं, कोऱ्या कागदावर मी टाइप करणार नाही, बहिणींना फोन लावा. थोरलीने विचारलं, "सही कशाची हाय ते तरी सांगा. दादा म्हनला बँकेचं काम हाय." मी पावतीवरची रक्कम, तारीख आणि नाहरकतीचा अर्थ वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, "आईच्या नावावर जाऊ दे सगळं. माझी हरकत न्हाई. पन आईच्या नावावर." आजींनी पदर तोंडाला लावला. मग पत्र तसंच केलं: सर्व रक्कम आईच्या खात्यात जमा व्हावी. मुलगाही वाईट नव्हता. बहिणीला आकडा सांगायचा असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून पत्रात ठेवीचा नंबर, माहीत असलेली रक्कम, आणि पैसे कोणाच्या खात्यात जाणार हे तिन्ही लिहा. बहिणीने वाटा मागितला तर तो तिचा आहे, आणि सोडला तर समजून सोडलेला असावा.

किती मिळतील, हेही लोक विचारतात. व्याजाची ठेव असेल तर निधीत गेल्यावर 30 जून 2018 पर्यंत 4 टक्के, मग 10 मे 2021 पर्यंत साडेतीन, आणि त्यानंतर 3 टक्के सरळ व्याज. जून 2014 मध्ये 20 हजार रुपये वर्ग झाले असतील तर मे 2025 पर्यंत त्यावर साधारण 7,600 रुपये व्याज धरा. दामदुप्पट योजनेची पावती होती म्हणून आजपर्यंत दुपटीवर दुप्पट होत राहिली असेल, असा हिशेब करू नका. दुप्पट झाली ती तिच्या मुदतीपर्यंतच.

विमा, शेअर, पीएफ

एलआयसीची पावती किंवा पॉलिसी मिळाली तर एलआयसीच्या वेबसाइटवर दावा न केलेल्या रकमांचं पान आहे. तिथे नाव आणि जन्मतारीख टाकून बघता येतं. पॉलिसी नंबर असेल तर सरळ शाखेत जा. पोस्टातली खाती, पीपीएफ, बचतपत्रं पोस्टातच विचारायची. यांनाही ज्येष्ठ नागरिक निधीची ती 25 वर्षांची मुदत लागते, म्हणून पुढे ढकलू नका.

शेअरची कागदी सर्टिफिकिटं निघाली तर आधी कंपनीला किंवा तिच्या रजिस्ट्रारला पत्र लिहा. शेअर अजून कंपनीकडे आहेत की निधीत गेले, हे तिथे कळतं. निधीत गेले असतील तर कंपनीकडून पात्रतेचं पत्र घेऊन 'आयईपीएफ-5' हा फॉर्म ऑनलाइन भरायचा. वारसाच्या नावाने डीमॅट खातं, म्हणजे कागदाशिवाय शेअर ठेवायचं खातं, लागतं. हे काम किचकट आहे आणि इथे मात्र जाणकाराची मदत घ्यायला हरकत नाही.

पीएफसाठी वारसांना फॉर्म 20 भरावा लागतो. विधवा बाईंनी पीएफबरोबर पेन्शनचंही विचारा, त्याचा फॉर्म 10-डी. कारखान्यात किंवा कंपनीत नोकरीवर असताना नवरा गेला आणि तो 16 नोव्हेंबर 1995 नंतर पेन्शन योजनेचा सभासद होता, तर तिला पेन्शनचा हक्क असू शकतो. फक्त पीएफ घेऊन गप्प बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

टक्केवारीवर पैसे काढून देतो म्हणणारे लोक आता गावात येतात. कोणाला ओटीपी, आधारची कोरी झेरॉक्स किंवा कोरी सही देऊ नका. बँकेच्या दाव्याला कसलीही फी नाही. अडलं तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकाकडे जा, साताऱ्यात बँक ऑफ महाराष्ट्र आणि सांगलीत बँक ऑफ इंडिया. लेखी तक्रारीला बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यांचा नंबर 14448.

जमिनीचा मोबदला

आता राज्य सरकारकडचा पैसा. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, वारणा, टेंभू, ताकारी, म्हैसाळ, पुणे-बेंगळुरू महामार्ग, एवढ्या नावांत आपल्या दोन जिल्ह्यांतली किती घरं आली ते बघा. कोयनेची माणसं तर रायगड, ठाणे, सोलापूरपर्यंत जाऊन वसली. मोबदल्याची नोटीस जुन्या गावाच्या पत्त्यावर आली आणि घेणारा तिथे नव्हता, असं झालं. भावांत वाद होता म्हणून रक्कम अडली, असंही झालं. कोर्टाने वाढीव मोबदला मंजूर केला तेव्हा मूळ खातेदार हयात नव्हता, आणि वारसांना केस चालू होती हेच माहीत नव्हतं, असंही झालं.

शोध सातबाऱ्यापासून सुरू करा. संपादन झालेल्या गटाचा जुना सातबारा आणि ज्या फेरफाराने जमीन सरकारच्या नावावर गेली तो फेरफार काढा. स्कॅन केलेले जुने अभिलेख महसूल खात्याच्या पोर्टलवर मिळतात, नाही मिळाले तर तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करा. त्या फेरफारात भूसंपादन प्रकरणाचा नंबर असतो, कचेरीत त्याला 'एलएक्यू नंबर' म्हणतात. हा नंबर मिळाला की अर्धं काम झालं, कारण त्याच्याशिवाय कारकून फाईल शोधणारच नाही.

मग प्रांत कचेरीत किंवा विशेष भूसंपादन अधिकाऱ्यांकडे निवाड्याची, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाची, नक्कल मागा. निवाड्यात गट, क्षेत्र, खातेदार आणि रक्कम असते. त्याचबरोबर कोणाला किती वाटप झालं आणि कोणाची रक्कम शिल्लक आहे, याची नक्कल मागा. लोक निवाडा आणतात आणि वाटपाचं विसरतात, मग परत जावं लागतं. उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात 'माझ्या आजोबांचे पैसे कुठे आहेत' असं विचारू नका. गाव, गट नंबर, एलएक्यू नंबर लिहून विचारा: या निवाड्यातील अमुक खातेदाराच्या नावे मंजूर रक्कम किती, ती अदा झाली असल्यास कोणास व कोणत्या तारखेस, अदा झाली नसल्यास सध्या कोठे जमा आहे.

रक्कम कचेरीतच असेल तर वारस फेरफार, सगळ्या वारसांची संमती, ओळखपत्रं आणि बँक पासबुक लावून मागणी अर्ज करायचा. बँकेत कमी पडणारी तलाठ्याकडची वारस नोंद इथे पायाची असते, ती नसेल तर आधी ती करून घ्या, आणि मुलींची नावं तिच्यात आहेत ना ते स्वतः वाचा. वाद होता म्हणून रक्कम कोर्टात भरली असेल तर कचेरी ती देऊ शकत नाही. तिच्याकडून कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक आणि रक्कम भरल्याची तारीख एवढं लेखी घ्या आणि त्या कोर्टात वकिलामार्फत रक्कम काढून मिळण्याचा अर्ज करा. वकिलांशी फी आधी ठरवा, मिळणाऱ्या रकमेच्या टक्क्यात नको, आणि वकीलपत्रावर सही करताना सगळ्या वारसांना एकत्र न्या.